चाचांच्या गाडीचं झाकण

मी गाळा मागायला गेलो तेव्हा चाचांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, धंदा कोणता करणार तेही विचारलं नाही. "जरा जवळ या," एवढंच म्हणाले. मी गादीच्या कडेला टेकलो. त्यांनी मान पुढे काढली, डोळे मिटले आणि एक बारीक श्वास घेतला. मग लोडाला टेकून म्हणाले, "शिळी भाकर, कांदा, आणि शर्ट दुसऱ्याचा."

शर्ट माझ्या मावसभावाचा होता. चांगलं दिसावं म्हणून इस्त्रीसकट मागून आणलेला. मी खाली मान घालून हो म्हणालो.

"गाळा तुमचा," चाचा म्हणाले. "कबूल केलं म्हणून."

जालन्याच्या जुन्या बाजारात चाचांचं अत्तराचं दुकान होतं. दुकान बोळात, आणि त्याच्या पाठीमागे मोठ्या रस्त्याला तोंड करून एक गाळा. तिथे मला पीयूसीचं केंद्र काढायचं होतं. म्हणजे गाडी आली की तिच्या धुराच्या नळीत आपल्या यंत्राची नळी घालायची, आकडा बघायचा आणि शिक्का मारून कागद द्यायचा. मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा नुकताच पास झालेलो. शेवटचा विषय तिसऱ्यांदा बसून काढला होता, पण पाटीवर ते लिहायची पद्धत नाही. अत्तरवाल्याच्या पाठीला पाठ लावून धुराचा धंदा, त्यामुळे चाचा नाही म्हणतील अशी भीती होती. त्यांचा हिशोब वेगळाच निघाला. "धूर मोजणारा शेजारी बसला तर धूर करणारे जरा बिचकून राहतील," म्हणाले.

एवढं काम करणारं नाक मोठं असेल असं ऐकणाऱ्याला वाटतं. ते बेताचंच होतं. पण चाचा त्याला तान्ह्या लेकरासारखं जपत. थंडीत लोक कानाला मफलर बांधतात, चाचा नाकाला बांधत. स्वतः कधी अत्तर लावत नसत. "हलवाई मिठाई खात बसला तर विकणार कधी," असं वर सांगत.

दुकानात गिऱ्हाईक आलं की चाचा आधी पंखा बंद करत. मग गल्लीकडचं दार ओढून घेत. मग सांगत, "आता बोलू नका." कुपीचं बूच निघालं की बूच परत बसेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण बोललं की वारा होतो आणि वाऱ्याबरोबर अत्तर जातं. वैशाखात बंद दुकानात घामाच्या धारा लागलेली चार माणसं मुक्यानं बसलेली मी कितीदा पाहिली आहेत. त्यात पुन्हा ज्याला जे पाहिजे ते मिळेल याची खात्री नाही. एका गुत्तेदारानं हीना मागितला. चाचांनी त्याचं मनगट हुंगलं आणि म्हणाले, "तुम्हाला न्हाई शोभत. मोगरा न्या." तो माणूस मोगऱ्याचा फाया कानात घालून मुकाट्यानं गेला, आणि पुढे मोगऱ्यासाठीच येत राहिला.

सगळ्यात मोठं वेड झाकणाचं. चाचांचा जगाशी एकच तंटा होता: लोक झाकणं लावत नाहीत. चहा आला की दोन घोटांच्या मध्ये ते कपावर बशी पालथी घालत. शेजारच्या किराणा दुकानात तेलाच्या डब्याचं तोंड उघडं दिसलं की गल्ला ओलांडून आत जात आणि झाकण बसवून परत येत. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांच्यापासून लांब राहत. कारण चाचा एका हातानं जेवत आणि दुसऱ्यानं भांडी झाकत. "उडून गेलं ते पुन्हा भेटत न्हाई," हे ते इतक्या कळकळीनं सांगत, की वरणाच्या वाफेबद्दलही मला वाईट वाटायला लागलं होतं.

आणि दुसरा नियम: बाटली गच्च भरलेली पाहिजे. अर्धी बाटली घरात ठेवलेली त्यांना खपत नसे. अर्धी उरली की छोट्या कुपीत ओतायची आणि ती काठोकाठ भरायची. "रिकामी जागा राह्यली की अत्तर तिथं जाऊन बसतं, आणि बूच काढलं की पळतं." प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हे सांगत. हा नियम ध्यानात ठेवा, पुढे त्यानंच आमचा घात केला.

आता माझी पहिल्या दिवसाची कामगिरी सांगतो, नाहीतरी चाचांनी ती साऱ्या बाजाराला सांगितलेली आहे. पहिली गाडी आली. मी नारळ फोडला, उदबत्ती लावली, नळीत नळी घातली. आकडा आला शून्य. मालकाला म्हणालो, "साहेब, अशी निर्मळ गाडी जिल्ह्यात दुसरी नसेल." मालक खूश. चाचा पेढा खायला आले होते. ते पेढ्यावर द्रोण पालथा घालून म्हणाले, "इंजिनिअर साहेब, गाडी चालू करून बघा ना एकदा."

गाडी बंद होती. मी बंद इंजिनाचा धूर मोजला होता.

तेव्हापासून मी कायमचा इंजिनिअर साहेब झालो. पण चाचांचं नाक त्या शून्यावर अडून बसलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "तुमचं यंत्र म्हणतं, बंद गाडी काही सोडत न्हाई. माझं नाक म्हणतं, सोडते. उन्हात उभी केलेली गाडी बघा. किल्ली काढलेली, ड्रायव्हर झोपलेला, आणि पेट्रोल उडून राह्यलं. नळीतून निघतं ते तुम्ही मोजता. न विचारता निघतं त्याचं काय?"

"त्याची तपासणी नसते चाचा."

"मंग ही कसली तपासणी? समोरच्या दारातून जाणारा पाहुणा मोजायचा, आणि मागच्या दारानं घर खाली होऊन राह्यलं तरी चालतंय."

मी हसण्यावारी नेलं. गाडी चाचांनी स्वतःच घेतली तेव्हा हसणं थांबलं.

गाडी पांढरी, छोटी, पेट्रोलवरची, पहिल्या मालकानं थोडीच वापरलेली. चाचांना गाडीची हौस नव्हती, पण लेकीच्या लग्नात ते सगळ्यांदेखत बोलून बसले होते, "पहिल्या बाळंतपणाला मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येईन." लेक केदारखेड्याला दिलेली. तिला दिवस गेल्याचा निरोप आला, तसे चाचा गाडी चालवायला शिकले आणि गाडी दारात आणली. सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलं.

अडचण एकच होती. गाडीत चाची बसेनात.

पहिल्या दिवशी बसल्या होत्या. बदनापूरपर्यंत जाऊन यायचं म्हणून निघाले. चाचींनी आधी खिडकी उघडली, मग पदर नाकाला लावला, मग डोकं बाहेर काढलं. बदनापूरला उतरल्या त्या थेट रेल्वे स्टेशनावर गेल्या. पॅसेंजरनं जालन्याला परत आल्या. चाचा रिकामी गाडी घेऊन आले.

"मेरेकू इस डब्बे में बैठना नक्को," चाचींनी घरात सांगून टाकलं. मला मराठीत समजावलं, "पेट्रोलचा वास आहे. डोकं उठतं. माझी लेक पोटुशी, तिला पाणी सुद्धा पचेना. तिला मी या डब्यात घालणार न्हाई. वास गेला तर बसते. न्हाई तर एसटीनं आणते."

त्या केदारखेड्याला लेकीकडे जायच्या ते एसटीनंच. आणि चाचा? चाचा गाडी घेऊन एसटीच्या मागे जायचे. रिकाम्या गाडीनं. एसटी थांबली की हे थांबणार, एसटी निघाली की हे निघणार. राजूरला बस गणपतीच्या दर्शनाला आलेल्या लोकांसाठी रेंगाळायची, तेव्हा चाचा उतरून चाचींच्या खिडकीखाली उभे राहायचे आणि पाण्याची बाटली वर द्यायचे. झाकण लावून. त्या बसचा कंडक्टर चाचांना ओळखायला लागला होता. मागच्या काचेतून हात करून विचारायचा, "काय, आज पण न्हाई का?"

चाचांनी गाडी माझ्याकडे आणली. मी शिकल्याप्रमाणे, इंजिन चालू करून, नळीत नळी घातली. गाडी उत्तम पास. मी कागद टाइप केला, शिक्का मारला, सही जरा लांबवली. चाचांनी तो चाचींपुढे धरला. चाची दारातून खाली उतरल्या, कागद हुंगला, मग गाडी हुंगली.

"कागदाला वास न्हाई," म्हणाल्या. "गाडीला आहे."

त्यानंतर आम्ही दोघांनी जे उपाय केले त्यांचा क्रम सांगताना मला आजही पाणी प्यावं लागतं.

आधी चाचांनी जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली, वासावर वास टाकला. सीटखाली खसाचे फाये ठेवले. चाचींनी दार उघडलं आणि लगेच लावलं. "आधी नुसतं पेट्रोल होतं. आता पेट्रोल नवरदेव होऊन आलंय."

मग चाचांनी आपली खरी विद्या काढली. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उन्हात बसून हुंगलं, तिथे वास धरला. चुलीवर मेण पातळ केलं, मलमलीची पट्टी त्यात बुडवली आणि अत्तराच्या कारब्याचं, म्हणजे मोठ्या बाटलीचं, तोंड बांधतात तसं टाकीचं तोंड बांधून टाकलं. मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. नुसती मान डोलावून माझं समाधान होईना. बॉनेट उघडलं. कोपऱ्यात एक काळा प्लॅस्टिकचा डबा होता, त्याला नळ्या. एक नळी इंजिनाकडे जाणारी, तिला तडा गेलेला. आणि डब्याच्या तळाशी एक तोंड चक्क उघडं.

"चाचा, हे बघा. उघडंच ठेवलंय."

चाचांच्या चेहऱ्यावर असं दुःख दिसलं, जसं कुणी भर बाजारात मोगऱ्याची कुपी उघडी टाकून गेलंय. "बंद करा, बंद करा. जल्दी."

मी त्या तोंडात कापसाचा बोळा घातला, वरून चिकटपट्टी गुंडाळली. तडकलेल्या नळीवरही पट्टी मारली. चाचांनी नाक फिरवलं. वास कमी झाला होता. आम्ही एकमेकांकडे असं बघितलं की जणू शाळेत दोघांचा मिळून पहिला नंबर आलाय.

राजूरच्या रस्त्याला चाचणीसाठी निघालो. थोडं पुढे गेलो आणि गाडीनं आचके दिले. बंद. मी उतरून प्लग बघितले, वायरी हलवल्या, डिप्लोमात जे जे आठवत होतं ते सगळं केलं. काही नाही. चाचांना वाटलं, पेट्रोलच उडून संपलं की काय. त्यांनी मेणाची पट्टी सोडून झाकण फिरवलं, तशी टाकीनं आत एक लांब श्वास घेतला. सूऽऽ. दम कोंडलेल्या माणसाच्या तोंडावरची उशी कुणी काढावी तसा. किल्ली फिरवली, गाडी चालू.

चाचांनी पुन्हा मेण लावलं. पुन्हा थोडं गेल्यावर गाडी मेली. पुन्हा झाकण काढलं, पुन्हा सूऽऽ, पुन्हा चालू. असं करत आम्ही राजूर गाठलं. देवळापुढच्या नारळवाल्यांना वाटलं आमच्या गाडीला कसलं तरी व्रत आहे, दर मैलाला थांबून झाकण काढायचं. मी म्हणालो, "पंप खराब असणार." हे मी अशा ठामपणे म्हणालो की पंप बिचारा उगीच बदलला गेला असता.

दुसऱ्या दिवशी मी तो काळा डबा काढला. आत काय आहे ते बघावं म्हणून चाचांच्या गादीवर बसून स्क्रू ड्रायव्हरनं तळ उचकटला. गादीवर धुतलेली पांढरी चादर होती. तळ सुटला आणि डब्यातून काळा भुगा भसकन् चादरीवर पडला. ओला, चमकणारा. पंखा चालू होता, त्यामुळे त्यातला सुकलेला बारीक भाग चादरीवर राहिला नाही. अत्तराच्या कुप्यांवर गेला, चाचांच्या दाढीत गेला.

मी आता गाळा सोडायचा विचार करत होतो. चाचांनी दाढी झटकली नाही. एक दाणा चिमटीत धरून नाकाशी नेला. पुष्कळ वेळ धरून ठेवला.

"कोळसा," म्हणाले. "आणि त्यात पेट्रोल. पळालेलं सगळं इथं येऊन बसलंय."

आवाज ऐकून चाची आतून आल्या. चादर बघितली, मला बघितलं. "गरम कपड्यांच्या पेटीत मी कोळसा ठेवते, वास ओढून घेतो म्हणून," त्या म्हणाल्या. "पण कोरडा ठेवते. भिजवलेला कोळसा काय ओढणार? आणि चादर कोण धुणार?"

चादर मी धुतली. मग चाचांबरोबर औरंगाबादला सुट्या भागांच्या दुकानात गेलो, एसटीनं, कारण गाडीवर आता दोघांचाही भरवसा नव्हता. काउंटरवरच्या माणसानं डबा हातात घेऊन वास घेतला, आणि चाचांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू आता त्याला आपल्या दुकानात नोकरी देतात.

"गाडी उभी असली की टाकीतली वाफ या कोळशात थांबते," तो म्हणाला. "गाडी चालली की इंजिन ती ओढून घेतं आणि जाळतं. खालच्या तोंडातून हवा येते, ती अडली की टाकीतून पेट्रोलही निघत न्हाई. ते तोंड कुणी बुजवलं?"

मी दुकानातलं कॅलेंडर बघू लागलो. खरं म्हणजे हा धडा आमच्या पुस्तकात होता. सरांनी सांगितलं होतं, आपल्याकडे असल्या गाड्या येत नाहीत, परीक्षेलाही येणार नाही, सोडून द्या. मी सरांचं एवढं एकच ऐकलं होतं.

"आणि टाकी गळ्यापर्यंत भरता का?" त्यानं विचारलं.

"म्हणजे काय," चाचा अभिमानानं म्हणाले. "पंपावर गाडी हलवून हलवून भरतो. थेंबाची जागा ठेवत न्हाई."

"मंग कोळसा भिजणारच. वाफेऐवजी पेट्रोलच आत जातं. काका, वर जागा सोडायची. पंपाच्या नळीनं खट् केलं की बास."

नवा डबा, नवी नळी आणि झाकणाचं नवं रबर घेऊन आम्ही परत निघालो. चाचा बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले होते. बदनापूर आलं तरी एक शब्द बोलले नाहीत. अत्तराची कुपी उघडी नसताना चाचा गप्प बसलेले मी पहिल्यांदाच बघत होतो.

बदनापूर सुटल्यावर म्हणाले, "सगळ्या बाजाराला सांगत आलो, रिकामी जागा ठेवू नका म्हणून."

"अत्तराला बरोबरच आहे की चाचा."

"अत्तराला बराबर आहे." त्यांनी डब्याच्या उघड्या तोंडावर हात ठेवला, मग काढून घेतला. "हिला श्वास घ्यायला जागा लागते. मी तिचा गळाच दाबून राह्यलो होतो."

नवे भाग मी बसवले. चाचा शेजारी बसून प्रत्येक नट घट्ट झाला की नाही ते हुंगून बघत होते, त्यामुळे मला घाई करता आली नाही, आणि म्हणूनच बहुधा काम नीट झालं. टाकीतलं पेट्रोल काढून अर्ध्यावर आणलं. अर्धी टाकी घरापुढे उभी आहे या कल्पनेनं चाचा बेचैन झाले. तरी त्यांनी ती तशीच राहू दिली. लेकीला आणायला जायच्या आदल्या दिवशी गाडी अंगणात उभी करून रात्रभर काचा बंद ठेवल्या. भल्या सकाळी, ऊन वर यायच्या आत, ते गाडीभोवती फिरले. गल्लीत कुणाला झाडू मारू दिला नाही, दूधवाल्याला कोपऱ्यावर थांबवलं. मला विचारलं, "तुमच्या यंत्राला काही म्हणायचंय?" मी म्हणालो, यंत्राला यातलं काही कळत नाही.

"मंग आता खऱ्या ऑफिसरला बोलवा."

चाची आल्या. नवी साडी नेसल्या होत्या. पण एसटीची पिशवीही हातात तयार होती. त्यांनी पुढचं दार उघडलं. मागचं उघडलं. टाकीच्या झाकणापाशी वाकल्या. चाचा त्यांच्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि खिशातल्या कुपीचं बूच अंगठ्यानं दाबत होते, घट्ट असलेलं आणखी घट्ट करत. चाचींनी पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि पुढे बसल्या. काच खाली केली.

काच खाली केली म्हणजे पास नाही. हे चाचांना कळलं, मलाही कळलं.

मला मागे बसवलं होतं, वाटेत गाडी बंद पडली तर ढकलायला. चाची खिडकीबाहेर बघत होत्या, चाचा रस्त्याकडे कमी आणि चाचींच्या पदराकडे जास्त. पदर खांद्यावरच होता. राजूर गेलं. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं आणि आमच्यासमोर एसटी होती, तीच. मागच्या काचेतून कंडक्टरनं आमच्याकडे बघितलं, हात वर केला, आणि पुढच्या सीटवर चाची दिसल्यावर तो हात तसाच राहिला.

एसटीचा सगळा फुफाटा आमच्या गाडीत येत होता.

"काच लावा ना," चाची म्हणाल्या. "धूळ येऊन राह्यली."

चाचांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. चालवता चालवता सांगता आलं असतं, पण थांबवली. खाली उतरून पलीकडे गेले आणि दार उघडून चाचींच्या बाजूची काच स्वतःच्या हातानं फिरवून वर केली, पार वरपर्यंत. मग माझ्या बाजूची. मग आपल्या बाजूची लावून आत बसले. सगळं बंद झालं. आत कसलाही वास नव्हता.

निदान मला तसं वाटलं. मी खुशीत पुढे वाकून म्हणालो, "चाचा, जमलं बघा."

चाचांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "इंजिनिअर साहेब, आता केदारखेड्यापर्यंत बोलू नका."

"का हो?"

"सकाळी कांदा खाल्ला तुम्ही. आता त्याला बाहेर जायला जागा न्हाई."

चाची पदर तोंडाला लावून हसल्या. चाचांनी गाडी काढली, हॉर्न दिला, आणि इतके दिवस जिच्या मागे मागे गेले होते त्या एसटीच्या पुढे गेले.